कुंकवावर ठेवलेलं बोट

झुंबरबाईला कुणी म्हटलं, "आज ऊन लई हाय," तर ती आधी वर बघायची आणि मग म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे. ऊन रोजच असतं, मग ते यानं आजच का सांगावं, हा विचार तिच्या मनात आल्याशिवाय राहत नसे. लग्नाचं आवतण घेऊन कुणी दारात आलं, की अक्षता हातात घेण्याआधी ती विचारी, "आमच्या आधी कुनाकुनाकडं गेल्ता?" शेजारणीनं वाटीभर कालवण आणून दिलं तर घ्यायची, वाटी धुऊन परतही करायची, पण जेवताना नवऱ्याला म्हणायचीच, "आजच कशी हिला आठवन झाली?"

"अगं, उरलं असंल," नवरा हसायचा.

"मंग उरलेलं हाय म्हनून सांगावं की!"

नवऱ्याचं नाव श्रीमंत. नगर स्टेशन ते भिंगार असा टांगा हाकायचा. स्वभावानं इतका भोळा, की गिऱ्हाईक म्हणालं, "पैसे उद्या देतो," तर हा त्याला वर नमस्कार करायचा. दोघांच्या संसारातला सगळा संशय त्यामुळे एकट्या झुंबरबाईला सांभाळावा लागे.

तिचा हा स्वभाव जन्मापासूनचा नव्हता. जामखेडकडच्या माहेरी ती चांगली मोकळी-ढाकळी पोर होती. लग्नानंतरची पहिली वर्षं दोघं श्रीरामपूरला होती, तेव्हा ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाई. एक दिवस तिथले साहेब पाठीमागं हात बांधून आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "काय बाई, काही त्रास वगैरे नाही ना?" झुंबरबाईला भरून आलं. असं कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "बाकी काय न्हाई साहेब, पर ही कापसाची फुकी नाकातोंडात जाती, खोकला थांबत न्हाई." साहेबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी फाटकावर तिला सांगण्यात आलं, की खोकला पुरता बरा होईपर्यंत घरीच आराम करा. खोकला आठवड्यात गेला. फाटक मात्र पुन्हा उघडलं नाही. तेव्हापासून कुणी गोड आवाजात काही विचारलं, की झुंबरबाईच्या अंगावर काटा येई.

आता ती नगरला काढ्याच्या कारखान्यात होती. खरं तर तो आयुर्वेदिक औषधांचा कारखाना, पाटीवर लांबलचक नावही होतं. पण आसवं, अरिष्टं, चूर्णं या सगळ्याला बायका एकच शब्द वापरत, काढा. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की गुळाचा आंबूस वास यायचा, आणि संध्याकाळी घरी गेलं तरी पदराला हिरड्याचा तुरटपणा चिकटलेला असायचा. झुंबरबाई लाखेच्या टेबलावर काम करायची. बाटलीला बूच लावायचं, बाटली उलटी करून वितळलेल्या लाखेत तोंड बुडवायचं आणि लाख थिजायच्या आत शिक्का दाबायचा. बोट जरा चुकलं की भाजायचं. हे काम सगळ्यांना जमत नसे.

काम जमत असूनही ती कायम नव्हती, बदली होती. बदलीवाल्या बायका सकाळी फाटकाबाहेर उभ्या राहत. आतली कुणी कायमची बाई आली नाही, की मच्छिंद्र मुकादम बाहेर येई आणि बदलीवाल्यांपैकी एकीकडे बोट करी. ज्या बाईची सलग वर्षभर हजेरी भरेल तिला कायम करायचं, असा नियम होता. म्हणून वर्ष भरत आलं की मुकादमाची नजर नेमकी त्या बाईवरून दोन-चार दिवस घसरून जाई. हजेरी तुटली, की पुन्हा पहिल्यापासून. झुंबरबाईची अशी कितीदा तुटली होती. यंदा मात्र आतल्या बायकांची बाळंतपणं, माहेरपणं, सासवांची आजारपणं अशी काही जुळून आली, की तिचा एकही दिवस रिकामा गेला नव्हता. होळीपर्यंत टिकलं, की वर्ष भरत होतं.

आणि टिकणं यंदाच गरजेचं होतं. बहात्तरच्या दुष्काळाचं साल. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडून आलेली माणसं नगरच्या रस्त्यांवर दिसत होती, आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर दर सोमवारी नवी लुगडी उभी राहत होती. "मिळंल त्यावर येतो," म्हणणारी. त्यातच श्रीमंताचा घोडा बिथरून टांगा उलटला. पायाला विटा टांगून तो सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पडला होता. हाड जुळेल म्हणत होते, पण ताप उतरत नव्हता. डॉक्टर काही धड सांगत नव्हते, आणि डॉक्टर धड सांगत नाहीत म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे, हे झुंबरबाईला कळत होतं. कायम बायकांच्या घरच्या माणसांना शेठनी ठरवलेला डॉक्टर फुकट बघायचा. तो डॉक्टर चांगला होता म्हणे. झुंबरबाईला होळीपर्यंत पोचायचं होतं, ते त्याच्यासाठी.

महाशिवरात्र झाली, आणि एका दुपारी मुकादमानं बातमी आणली, "पुन्याहून एक बाई येनार हाय. तुमचं समाधान मोजायला."

"काय मोजायला?" आक्काबाई म्हणाली. ती लाखेच्या टेबलावरची सगळ्यांत जुनी, कायम झालेली आणि तोंडानं फटकळ.

"समाधान. पगारावर समाधानी हायसा का न्हाई, ते. शेठनी बोलावलीय. शिकलेली बाई हाय, कालिजातली."

"आता गं बया! तागडी घिऊन येनार का आदुली?"

"तुझं मोजायला पोतंच आनावं लागंल," चांदबी म्हणाली. तिनं लाखेचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि कपाळाचा घाम बाहीला पुसला. "मेरा तर चिमटीत मावंल."

सगळ्या हसल्या. पांढऱ्या कपाळाची साळूबाईदेखील हसली. नवरा गेल्यापासून ती क्वचितच हसे. झुंबरबाई हसली नाही. लाखेत बुडवलेली बाटली तिनं जरा जास्तच वेळ धरली.

"मुकादम," ती म्हणाली, "पगार शेठ देनार, आन् समाधान पुन्याची बाई मोजनार. मदी तिचं काय?"

"तुला प्रत्येक गोष्टीत काय तरी वास येतो बघ, झुंबरबाई."

"वास हाय म्हनून येतो."

तिनं रात्रीपर्यंत सगळा हिशेब मांडून पाहिला. पगाराची वाढ मागायला युनियनचा माणूस फाटकावर येऊन गेला होता, त्याला फार दिवस झाले नव्हते. आता बाई येणार. समाधानी आहे म्हणावं, तर वाढ कशाला हवी म्हणतील. समाधानी नाही म्हणावं, तर फाटकाबाहेर नव्या लुगड्यांची रांग उभी होतीच. दोन्हीकडून सापळा. फक्त भाकरीचा तुकडा कुठल्या बाजूला लावलाय, एवढंच कळत नव्हतं.

बाई आली ती बाईसुद्धा नव्हती, मुलगीच होती. खादीची साडी, खांद्याला शबनम, चष्मा. नाव मीनाक्षी नगरकर.

"नाव नगरकर आन् ऱ्हाती पुन्याला," झुंबरबाई आक्काच्या कानात म्हणाली. "म्हंजी हिच्या घरच्यांनी नगर सोडलं. कशापायी सोडलं असंल?"

"आता तेबी तिला इचार!"

नगरकरबाई हिरड्याच्या कोठीत टेबल मांडून बसल्या आणि एकेकीला आत बोलावू लागल्या. आवाज गोड होता. झुंबरबाईला तिथंच धडकी भरली. आधी त्यांनी सांगितलं, की मी कुणाचंही नाव लिहिणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. मग विचारलं, "तुम्हाला मिळणाऱ्या पगाराबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

आक्काबाईनं विचार न करता उत्तर दिलं, "हाय की."

तिच्या पाठच्या सगळ्यांनी तेच दिलं. यात खोटेपणाही नव्हता. कुणी जेवायला वाढून "पोट भरलं का?" विचारलं, तर भरलं नसलं तरी माणूस "भरलं" म्हणतोच. ताटासमोर बसून नाही म्हणायचं नसतं, अन्नाला दोष दिल्यासारखं होतं. "समाधान हाय का?" हा प्रश्न बायकांना त्याच जातीचा वाटला. देवाच्या दयेनं हाय. मानलं तर हाय. मानावंच लागतं, बाई. चांदबी म्हणाली, "अल्लाची मेहेर." झुंबरबाई एवढंच म्हणाली, "बरं हाय."

संध्याकाळी नगरकरबाई कोठीतून बाहेर आल्या तेव्हा चेहरा पडलेला होता. सगळ्या बायका समाधानी निघाल्या, आणि त्यांचं स्वतःचं काही समाधान झालं नाही, हे दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी त्या एक पांढरा पुठ्ठा घेऊन आल्या. त्यावर काळ्या शाईनं ओळीत पाच गोल तोंडं काढली होती. पहिलं खदखदून हसणारं, दुसरं जरा हसरं, तिसरं सरळ ओठांचं, चौथ्याच्या ओठांची टोकं खाली वळलेली, आणि पाचवं रडणारं. लिहिता-वाचता येत नसेल तरी चालेल, बोलायचंही नाही. पगार हातात पडला की मनात जसं वाटतं तसं तोंड शोधायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. झालं.

पहिली गेली आक्काबाई. लाखेच्या टेबलावरून उठून थेट गेलेली, घामानं निथळत होती. मेणावर लावलेलं कुंकू ओघळून भुवईपर्यंत आलं होतं. जाताजाता तिनं ते बोटानं वर सारलं, आत गेली, पुठ्ठ्याकडे बघितलं, चौथ्या तोंडावर बोट टेकवलं आणि बाहेर आली. त्या तोंडाच्या कपाळावर तांबडा ठसा उमटला.

बाहेर रांगेतल्या बायकांनी तिला घेरलं.

"काय हाय गं आत?"

"तोंडं हायेत. टकली. डोक्यावर केस न्हाईत, कपाळाला कुंकू न्हाई. मुंडन केल्यावानी."

"हाजी म्हना की," चांदबी म्हणाली.

"तू कुटलं दावलंस?"

"कुटलं का असंना! उगं दावलं."

दुसरी आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "समदी उघड्या कपाळाची हायेत. एकीलाच तेवढं कुंकू हाय. मी तिच्यावर ठेवलं." तिसरीनं तेच केलं. मग हे रांगेतून मागं सरकत गेलं, एकीच्या कानातून दुसरीच्या कानात. कुंकवाच्या बाईवर ठेव. उघड्या कपाळावर बोट ठिवू नगं, घरी मानूस हाय आपल्या. कुणी ओठ बघितलेच नाहीत.

साळूबाई आत गेली आणि लगेच आली. "मला कुंकवाचं काय," ती म्हणाली. "रडतीया ती माझी." चांदबी त्याहून सावकाश आली. "मैंने बी रडनारीच दावली," तिनं सांगितलं. "पगार हातात आला ना, की आधी किराणावाला डोळ्यासमोर येतो. खोटं कशाला?"

सगळ्यांत शेवटी झुंबरबाईची पाळी आली. ती टेबलासमोर उभी राहिली, आणि सगळ्या बायकांनी जे बघितलं नव्हतं ते तिनं पहिल्यांदा बघितलं. कुंकवाच्या बाईचे ओठ खाली वळलेले होते.

हे आपोआप झालेलं असणार नाही. पाच जणींत एकीलाच कुंकू, आणि तीच नेमकी नाराज! म्हणजे घरी नवरा असलेली प्रत्येक बाई तिथंच बोट ठेवणार, आणि शेठला नाराज बायकांची आयती यादी मिळणार. खुळ्या बायका एकामागून एक सापळ्यात गेल्या होत्या. आपण नाही जायचं. आपण हसरीवर बोट ठेवायचं. होळी जवळ आलीय.

तिनं बोट उचललं, आणि ते हसऱ्या तोंडावर अधांतरी राहिलं. कपाळ पांढरं होतं, एकदम स्वच्छ पांढरं. विटा टांगलेला पाय तिच्या डोळ्यांपुढं आला. सकाळी श्रीमंताच्या कपाळाला हात लावला तेव्हा ते तव्यासारखं तापलेलं होतं.

"घाई नाही. सावकाश सांगा," नगरकरबाई गोड आवाजात म्हणाल्या.

झुंबरबाईनं तेच बोट आपल्या कपाळाला लावलं, स्वतःच्या कुंकवातलं अर्धं बोटावर घेतलं, हसऱ्या तोंडाच्या कपाळी नीट गोल रेखलं, आणि मग त्यावर बोट टेकवलं.

"हे काय केलंत?"

"काय न्हाई," झुंबरबाई म्हणाली आणि निघाली.

दारातून तिनं मागं वळून बघितलं. नगरकरबाईंनी पुठ्ठा उचलून डोळ्यांजवळ धरला होता. त्यांनी एक कुंकू बघितलं, दुसरं बघितलं. मग उठून दारात आल्या आणि अंगणात बसलेल्या बायकांच्या कपाळांकडे बघत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचं काहीतरी मोठं चुकलंय, एवढं झुंबरबाईला कळलं. काय चुकलंय ते तिला नीटसं कळलं नाही, म्हणून तिला आणखीच भीती वाटली.

जेवणाच्या सुट्टीत बोलाचाली झालीच.

"तू बी कुंकवाच्या बाईवरच ठेवलंस न्हवं?" आक्काबाईनं विचारलं.

झुंबरबाईनं भाकरी मोडली.

"अगं, ठेवलंस का न्हाई?"

"हसरीवर ठेवलं."

"उघड्या कपाळावर?" एकीनं तोंडावर हात ठेवला.

"कुंकू लावून ठेवलं."

आक्काबाईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "का गं? आमच्यावानी का न्हाई ठेवलंस?"

"त्या कुंकवाच्या बाईचं तोंड बघितलं का तुमी? वाकडं हाय. नाराज हाय ती."

आक्काबाई हळूहळू म्हणाली, "म्हंजी तुला कळालं हुतं. आन् आमाला सांगितलं न्हाईस."

"मी शेवटाला गेले, आक्का. तवर तुमचं झाल्तं."

"शेवटालाच का गेलीस?"

ती शेवटी गेली होती, कारण कुठल्याही नव्या गोष्टीत ती शेवटीच जायची. पण हे असं उलगडून सांगायला गेलं की खोटंच वाटणार. दुसरी एक जण म्हणाली, "कायम व्हायचंय न्हवं तिला. शेठची लाडकी व्हायला नगं?" आयुष्यभर दुसऱ्यांकडे ज्या नजरेनं ती बघत आली, त्याच नजरेनं आज सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. चांदबीनं लोणच्याची फोड नेहमीप्रमाणे पुढं केली नाही. झुंबरबाई कोरडी भाकरी खाऊन उठली.

दोनेक दिवसांनी मुकादम तिला बोलवायला आला. "चल. मॅनेजर साहेबांनी बोलावलंय."

मॅनेजर राधाकृष्ण साहेब खुर्चीत होते. टेबलावर तो पुठ्ठा. खिडकीपाशी नगरकरबाई उभ्या, नाकाचा शेंडा लाल झालेला.

"बसा, बाई," साहेब म्हणाले.

या साहेबांनी तिला आजवर कधी बसा म्हटलं नव्हतं. "मी हुबीच बरी," झुंबरबाई म्हणाली.

"हसऱ्या तोंडावर बोट ठेवणाऱ्या तुम्हीच ना?"

झुंबरबाईनं नगरकरबाईंकडे असं बघितलं, की त्या घाईनं म्हणाल्या, "मी नाव सांगितलं नाही हो! खरंच नाही!"

"मी वळखलं," मुकादम कोपऱ्यातून म्हणाला. "त्या दिशी कोठीतनं भायर आलीस तवा कुंकू अर्धंच हुतं तुझं."

साहेबांनी पुठ्ठ्यावर टिचकी मारली. "हे बघा. परवा मोजणी झाली, जवळजवळ सगळ्या बायका नाराज निघाल्या. युनियनवाल्याला हे कळलं तर तो फाटकावर नाचेल. पण आता या बाईंचंच म्हणणं आहे, की ही मोजणी चुकली. बायकांनी पगाराचा विचार केलाच नाही, कुंकू बघून बोट ठेवलं. बरोबर ना?"

"बरोबर," नगरकरबाई म्हणाल्या. "म्हणून त्या नाराज आहेत असं मला लिहिता येणार नाही. पण त्या समाधानी आहेत असंही लिहिता येणार नाही. मला पुन्हा विचारावं लागेल. चेहरे बदलून."

"पुन्हा कशाला? नाराज नाहीत, म्हणजे समाधानी आहेत. पहिल्या दिवशी तोंडानं सांगितलंच होतं सगळ्यांनी." साहेब झुंबरबाईकडे वळले, आणि त्यांचा आवाज साखरेसारखा झाला. "तुम्ही समजूतदार दिसता. नीट बघून बोट ठेवलंत. उद्या युनियनचा माणूस येणार आहे. त्याच्यासमोर एवढंच सांगायचं, की बायकांची बोटं कुंकवामुळं चुकून गेली, पगाराबद्दल कुणाची काही तक्रार नाही. हे खरंच आहे. खोटं बोला असं मी म्हणतच नाही. तुमचं वर्षही भरत आलंय असं मुकादम म्हणतो. मग होळीची वाट तरी कशाला बघायची? कायम करून टाकू."

झुंबरबाईच्या पायांखालची फरशी गार होती. एवढंच बोलायचं होतं. अर्धं तर खरंच होतं. उद्यापासून फाटकावर उभं राहणं नको, परवा डॉक्टर श्रीमंताला बघेल. तिनं साहेबांचं तोंड नीट न्याहाळलं. पाठीमागं हात बांधलेले साहेब असोत की खुर्चीत बसलेले, विचारताना सगळ्यांचे डोळे असे सारखेच का होतात, असं तिच्या मनात येऊन गेलं.

साहेब पुढं झुकले. "कुंकू नवऱ्यासाठीच लावलंत ना? मग नवऱ्यासाठीच एवढं बोला की."

ते त्यांनी बोलायला नको होतं. तिचं कुंकू तिनं तिच्या माणसासाठी लावलं होतं. या परक्या माणसानं ते असं टेबलावरून उचलावं आणि तिच्याच हातात द्यावं, हे झुंबरबाईला कुठंतरी फार आत झोंबलं.

"साहेब," ती म्हणाली, "बोटं कुंकवामुळं गेली ते खरं."

"छान. उद्या एवढंच—"

"पर त्या कुंकवाखालचं तोंड काय खोटं न्हवतं."

साहेबांनी पुठ्ठा उलटा ठेवला.

"आणि तुमचं हसरं?" त्यांनी विचारलं. आवाजातली साखर गेली होती.

"तेच खोटं. भ्यालेल्या बाईचं बोट हुतं ते." आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "पगार पुरत न्हाई, साहेब. कुनालाच पुरत न्हाई. इचारलं तर आमी हाय म्हनतो, पुरतो म्हनतो. तसं म्हनायची रीत हाय म्हनून म्हनतो."

"जा कामावर," साहेब म्हणाले.

नगरकरबाई व्हरांड्यात तिच्या मागोमाग आल्या. "झुंबरबाई, थांबा. तुम्ही आत्ता जे—"

"तुमी पुन्यात काय लिवनार?"

"खरं तेच लिहीन. माझी चूकही लिहीन."

"आमची नावं लिवू नका."

"मी नावं लिहिलेलीच नाहीत."

"तरीबी," झुंबरबाई म्हणाली आणि तापलेल्या लाखेकडे परत गेली. नगरकरबाई संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. पुढं त्यांनी काय लिहिलं, ते काढ्याच्या कारखान्यात कुणालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम फाटकाबाहेर आला. त्याची नजर झुंबरबाईवरून अशी गेली, जशी भिंतीवरून जाते. तिला माहीतच होतं. आज नाही, उद्या नाही, म्हणजे हजेरी तुटली. तिनं पदर सावरला. सिव्हिलमध्ये जाऊन "आज सुट्टी हाय," असं सांगायची तिनं तयारीही केली.

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "मुकादम, चांदबी आली न्हाई. डोकं दुखतंय म्हनं. लाखंच्या टेबलावर मानूस द्या!"

मुकादमानं रांगेकडे बघितलं. नव्या लुगड्यांपैकी एकीलाही लाखेचं काम येत नव्हतं. त्यानं दात खाल्ले आणि झुंबरबाईकडे बोट केलं.

युनियनचा माणूस त्या दिवशी येऊन गेला, पण साहेबांनी त्याच्यापुढं एकाही बाईला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी साळूबाईच्या पोटात कळ आली. मग आक्काबाईची कंबर धरली. मग पुन्हा चांदबीचं डोकं. लाखेच्या टेबलावर साथ आल्यासारखं झालं. झुंबरबाई रोज आत जात होती आणि रोज तिचा जीव खालीवर होत होता. या बायका तिच्याशी आजही धड बोलत नव्हत्या. कामापुरतं हूं, हां. आणि रोज एक जण घरी. ठरवूनच चाललंय हे, पण कशासाठी? आपल्याला एकटीला टेबलावर ठेवून सगळा माल बिघडवायचा, आणि आळ आपल्यावर आणायचा? तिनं प्रत्येक बाटलीचा शिक्का दोनदा तपासायला सुरुवात केली. सिव्हिलमध्ये श्रीमंताला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, आजारी असतील." त्याचा ताप आता उतरणीला लागला होता, म्हणून ती त्याच्यावर रागावली नाही.

होळी दोन दिवसांवर आली आणि तिला राहवेना. त्या दिवशी आक्काबाई आजारी होती. कंबरेतून उठता येत नव्हतं म्हणे. काम सुटल्यावर झुंबरबाई तशीच तिच्या घरी गेली, हाक न मारता दार लोटून आत.

आक्काबाई उडदाचं पीठ कुटत होती. दोन्ही हातांनी मुसळ डोक्यापर्यंत उचलत होती.

"कंबर बरी दिसती तुझी," झुंबरबाई दारातूनच म्हणाली.

"अगं बया! हळू बोल की." आक्काबाईनं मुसळ टाकलं आणि आधी दार लावून घेतलं.

"आक्का, खरं सांग. काय चालवलंय तुमी समद्यांनी? माझ्याकडनं काय पायजे तुमाला?"

"पापड लाटायला हात पायजे. बस."

"मी चेष्टा करत न्हाई."

"मी बी न्हाई." आक्काबाई पदरानं तोंड पुसत खाली बसली. "हापिसात काय बोललीस ते साळूबाईनं ऐकलं. लाखंच्या चुलीसाठी खिडकीखालचं जळान उचलीत हुती ती. आन् कामावर आल्यावर एका सबुदानं बोलली न्हाईस कुनापाशी. असली कसली गं तू?"

झुंबरबाईनं दाराची कडी नीट लागलीय का ते बघितलं.

"हक्काची रजा हाय आमची. शेठ काय कापीत न्हाई. आळीपाळीनं आजारी पडायचं ठरलं, होळीपतुर. तुझी हजेरी तुटाया नगं म्हनून. उद्या चांदबीची पाळी, परवा साळूबाईची. मग वर्स भरलं तुझं. करू दे त्या मुकादमाला काय करतो ते."

"मंग माझ्याशी बोलत का न्हवता?"

"बोललो असतो तर मुकादमाला वास आला असता. तुझ्यावानी त्याचंबी नाक तिखट हाय." आक्काबाई हसली. "आन् तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस व्हय? म्हनाली असतीस, माझ्यापायी ह्या रजा का घालवत्यात, ह्यांचा काय डाव हाय."

ती म्हणणारच होती. अगदी तसंच म्हणणार होती. तिचे डोळे भरून आले, आणि ते आक्काला दिसू नयेत म्हणून ती पाटापाशी वाकून बसली.

"किती उडीद हाय?" तिनं विचारलं.

"लई हाय. लाट मुकाट्यानं."

दोन-तीन पापड सुपावर पडल्यावर झुंबरबाईनं लाटणं थांबवलं.

"आक्का, चांदबी उद्या नक्की न्हाई ना यायची कामावर?"

"न्हाई गं बाई, न्हाई."

"मी जाताजाता तिला इचारूनच जाते," झुंबरबाई म्हणाली, आणि तिनं पुढची लाटी उचलली.